सासूबाईंचं झाड

सासूबाईंच्या डोळ्याची पट्टी निघाली आणि त्यांना सगळं दिसायला लागलं, ही बातमी माझ्या बायकोने, मर्लीनने, मला डार्विन शहरातल्या त्या प्रदर्शनाच्या पायऱ्यांवर दिली. तिच्या एका हातात मटणाचा पाय होता (इथे पाय म्हणजे आत मटण भरून भाजलेली मैद्याची गोल वाटी), दुसऱ्या हाताने ती हनुवटीवरचा रस पुसत होती. "आईला आता मुंगीसुद्धा दिसते," ती म्हणाली. "हॉस्पिटलच्या भिंतीवरच्या सगळ्या पाट्या वाचून काढल्या तिने. हात कसे धुवायचे ती तर दोनदा." मी म्हणालो, वा, उत्तम झालं. मोतीबिंदू सासूबाईंचा, बायकोची आई ती, तिला दिसायला लागलं तर जावयाला आनंद व्हायला हवा. झालाही असता. पण आत, पायऱ्या चढून गेल्यावर उजव्या हाताच्या मोठ्या खोलीत, काचेच्या कपाटाबाहेर दोन लोखंडी टेकूंवर माझी यिदाकी, फुंकून वाजवायचं लांब पोकळ खोड, ठेवलेली होती, आणि तिच्याशेजारी भिंतीवर एक पाटी होती. ती पाटी मी सकाळीच वाचली होती. मला वाचायला वेळ लागतो. सासूबाईंना लागत नाही. त्या मिशनच्या शाळेत सहा वर्षं गेल्या, मी सहा दिवस.

पाटीवर लिहिलं होतं की ही यिदाकी, बाहेरचे लोक जिला डिजेरिडू म्हणतात ती, रॉड्रिक यांनी घडवली. रॉड्रिक म्हणजे मी. इथपर्यंत ठीक. पुढे लिहिलं होतं की या ज्येष्ठ कारागिराने केवळ स्वतःच्या असामान्य कानांच्या जोरावर रानातल्या हजारो झाडांमधून हे एक पोकळ झाड हुडकून काढलं. असामान्य कान. मी सकाळी ते वाचून कानांना हात लावून पाहिला. ते माझेच होते, मोठे, केस उगवलेले, आणि त्यांनी त्या झाडाजवळून दोनदा जाऊन त्याच्यात काहीच ऐकलं नव्हतं.

बावीस वर्षं झाली त्याला. कोरडे दिवस सुरू झाले होते, गवत जाळून झालं होतं, रान मोकळं आणि काळं झालं होतं. आम्ही टोयोटा घेऊन गेलो होतो. पुढे मी, मागे मर्लीन, तिच्यामागे उघड्या हौद्यात कुत्री, आणि सगळ्यांच्या मागे, माझ्याकडे पाठ करून, सासूबाई. आमच्यात जावयाने सासूचं तोंड बघायचं नसतं, तिच्याशी बोलायचं नसतं, तिचं नाव तर मनातसुद्धा जपून घ्यायचं. त्यांनीही तसंच. हा मान आहे, भांडण नाही. मी त्यांना कासवाचं मटण पाठवतो, त्या मला खेकडे पाठवतात, मधे मर्लीन ये-जा करते आणि दोन्हीकडचं खाते. तेहतीस वर्षांत मला सासूबाईंची जी ओळख झाली ती पावलांची आणि खोकल्याची. उजव्या पायाचं मधलं बोट त्यांचं वर उचललेलं आहे, वाळूतसुद्धा त्याची खूण उमटत नाही. तेवढ्यावरून मी वाट सोडून झुडपात शिरायला शिकलो.

त्या दिवशी मी कुऱ्हाडीच्या पाठीने एकेक झाड ठोकत चाललो होतो. भरीव झाड ठोकलं की हात झिणझिणतो आणि आवाज तिथल्या तिथे मरतो. वाळवीने आतून खाल्लेलं झाड आवाज थोडा वर घेऊन जातं. पण सगळं खाल्लेलं नको, अर्धवट खाल्लेलंही नको. खोडाची भिंत किती जाड उरलीय, पोकळी खाली रुंद होते की नाही, हे सगळं त्या एका टकटकीत ऐकायचं असतं. मी ऐकत होतो आणि मोठ्याने मतं देत होतो. हे ओलं आहे. हे फुटेल. हे बालांडा लोकांना विकायला बरं. बालांडा म्हणजे गोरे. तेवढ्यात मागून, मी सोडून दिलेल्या झाडाजवळून, नखाची टिचकी ऐकू आली. एकच. मग सासूबाईंचा आवाज: "ए कुत्र्या, या माणसाला सांग, हे बघ म्हणावं." कुत्रं माझ्याकडे बघून जांभई द्यायला लागलं. मी कुत्र्याला म्हणालो, "सांग त्यांना, मी बघितलंय ते." सासूबाई कुत्र्याला म्हणाल्या, "बघितलं असेल. ऐकलं नाही." मर्लीन हसली. मर्लीन हसली की मला नेहमी तहान लागते. मी पाणी प्यायलो, परत गेलो, सासूबाई बाजूला झाल्या, मी ते झाड तोडलं आणि आतून पाहिलं. दुसऱ्या टोकाला आकाशाचा स्वच्छ गोल तुकडा दिसत होता.

त्या यिदाकीचं पुढे काय झालं ते आमच्या किनाऱ्यावर सगळ्यांना माहीत आहे. साल ओली असतानाच सोलली, चाकूने खोड तासलं, तारेने आतली वाळवीची माती काढली, ओढ्यात बुडवून ठेवली आणि तिसऱ्या दिवशी वाजवली. खालचा घुमार आला तो आधी पायात आला. वरची हाक मारली तर खाडीपलीकडची कुत्री उठली. गाणारे म्हातारे म्हणाले, याच्यावर जीभ आपोआप चालते. दफनविधींना ती नेली, पोरांच्या विधींना नेली, आणि एकदा आमच्या कला केंद्रातला बालांडा आला, वही उघडली आणि म्हणाला, झाड कोणी शोधलं? आता सांगा, मी काय करणार? नाव घेता येत नाही. मी खाली बघितलं. आमच्याकडचं माणूस असतं तर लगेच कळलं असतं: जावई खाली बघतोय, म्हणजे सासू. पण त्याला वाटलं, हा विनयाने खाली बघतोय. त्याने वहीत माझं नाव लिहिलं आणि माझी पाठ थोपटली. मी गप्प राहिलो तो मर्यादेपायी. पहिली दोन मिनिटं. उरलेली बावीस वर्षं कशापायी, ते मला आज पायऱ्यांवर, मर्लीनच्या पायाचा वास घेत उभं असताना नीट कळलं. कारण गोड लागलं होतं. त्या वहीतून नाव पुस्तिकेत गेलं, पुस्तिकेतून लोकांच्या तोंडी गेलं, लांबून माणसं यायला लागली आणि माझ्या कानांचे फोटो काढायला लागली. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ही मूठ झाकायला मला काही करावंही लागत नव्हतं, रीतच ती झाकून धरत होती.

"आई तीन वाजता येतेय," मर्लीन म्हणाली. "फिलिपाची गाडी गेलीय आणायला. तुझं वाजवणं चार वाजता. तुला काय झालं? घाम आलाय."

"ऊन आहे."

"सावलीत उभा आहेस तू."

मी आत गेलो. आतल्या यंत्राची थंडी इतकी कोरडी होती की मला माझ्या यिदाकीची दया आली, लाकूड तडकतं असल्या हवेत. एरवी मी तिच्यात बादलीभर पाणी ओतलं असतं. पण फिलिपाने सकाळी माझ्या हातात पांढरे मोजे ठेवले होते, वाजवताना घालायला. मी बावीस वर्षं जिच्यात थुंकलो तिला धरायला मोजे. फिलिपा या प्रदर्शनाची प्रमुख. चांगली पोर आहे. आमच्या वस्तीत ती चार वर्षं राहिली तेव्हा मर्लीनने तिला मुलगी मानली, म्हणजे मी तिचा बाप, म्हणजे सासूबाई तिच्या आजी. रीतभात तिला येते, पण ऐन वेळी विसरते. पहिल्या रांगेत तिने दोन खुर्च्या शेजारीशेजारी ठेवल्या होत्या आणि त्यावर 'कुटुंबासाठी' अशा चिठ्ठ्या लावल्या होत्या. जावई आणि सासू, मांडीला मांडी लावून. मी एक खुर्ची उचलून पार दुसऱ्या भिंतीला नेऊन ठेवली, तोंड भिंतीकडे करून. मग मी तो विचार केला. तो मी केला नाही असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. मी विचार केला: मी जिथे असतो तिथे सासूबाई येत नाहीत. मग मी पाटीसमोर उभा राहिलो तर?

मी पाटीसमोर जाऊन उभा राहिलो. पाठ भिंतीला लावली, माझ्या खांद्यामागे पाटी बरोबर बसली. लोक यायला लागले. त्यांना वाटलं, कारागीर आपल्या कलाकृतीजवळ उभा आहे, केवढं हे प्रेम. एका बाईने डोळे पुसले. एकाने विचारलं, झाड आतून पोकळ आहे हे तुम्हाला कसं कळतं? मी कानाला हात लावला. तो म्हणाला, ओ! एरवी ते 'ओ' मला जेवणानंतरच्या चहासारखं लागतं. आज घशाखाली उतरेना. तीन वाजले. मग खोकला ऐकू आला. एकच, कोरडा, दाराशी. मी नजर फरशीवर टाकली. नजर फरशीवर असणं हे रीतीलाही धरून होतं आणि चोराच्या मनातल्या चांदण्यालाही. चकचकीत फरशीवर नव्या निळ्या चपला आल्या. उजवीतलं मधलं बोट उचललेलं. त्या चपला सावकाश भिंतीभिंतीने फिरायला लागल्या. सालीवरच्या चित्रांपाशी थांबल्या, टोपल्यांपाशी बराच वेळ थांबल्या. वळून माझ्या बाजूला आल्या, दहा पावलांवर थबकल्या, आणि मागे वळल्या. रीतच आहे. मी तिथे होतो ना.

अर्धा तास गेला. माझे पाय आखडले. सकाळपासून मी तीन कप चहा प्यायलो होतो, त्याचाही हिशेब शरीर मांडायला लागलं. चपला दुसऱ्यांदा आल्या, थबकल्या, वळल्या. सासूबाईंना ती यिदाकी बघायची होती, हे एखाद्या आंधळ्यालाही कळलं असतं. बावीस वर्षांपूर्वी ते झाड उभं असताना त्यांचे डोळे चांगले होते. नंतर रंगवून, वाजवून, गावोगाव फिरून ती परत आली तोवर त्यांच्या डोळ्यांवर धुकं आलं होतं. त्यांनी ती यिदाकी पुरी झालेली कधी नीट पाहिलीच नव्हती. हे मला तिथे उभ्या उभ्या लक्षात आलं आणि मला फार वाईट वाटलं. खरंच वाईट वाटलं. तरी मी हललो नाही. एक माणूस खुर्ची घेऊन आला, बसा म्हणाला. बसलो असतो तर पाटी उघडी पडली असती. मी म्हणालो, आमच्यात बसत नाहीत. असलं काही आमच्यात नाही. आमच्यात शक्य तिथे सगळे बसतातच.

मर्लीन आली. तिच्या हातात आता केक होता. "हल इथून. आईला बघायचंय."

"पाय आखडलाय."

"मग हलवला की सुटेल." तिने मला खांद्याला धरून पुढे वाकवलं, माझ्या मागची पाटी वाचली, आणि केकचा एक घास खाल्ला. मला वाटलं आता ही ओरडणार. ती ओरडली नाही. "असामान्य," ती म्हणाली. "हं."

"हे मी नाही लिहिलेलं."

"तू काय लिहिणार? तुला लिहिता कुठे येतं?" मग आवाज खाली आणून: "म्हाताऱ्या, बावीस वर्षं मी वाट बघतेय. तू कधीतरी मला म्हणशील, मर्लीन, मला नाव घेता येत नाही, तू घे. ती माझी आई आहे. मला तिचं नाव घ्यायला कुणाची बंदी आहे?"

"मग तूच का नाही सांगितलंस?"

"कारण तोंड तुझं शिवलं होतं, माझं नाही. ज्याचं शिवलंय त्याने खूण करायची असते." आणि ती केक खात खात निघून गेली. बायको रागावली की मी दुर्लक्ष करू शकतो. खाऊ लागली की मला भीती वाटते.

तेवढ्यात चपला तिसऱ्यांदा आल्या. या वेळी त्या दहा पावलांवर जास्त वेळ थांबल्या. त्यांना कदाचित माझा आखडलेला पाय दिसला असेल. कारण त्या चपला किंचित बाजूला सरकल्या, वाट मोकळी करून देतात तशा, म्हणजे मला जायचं असेल तर जाता यावं, माझा अडसर होऊ नये. मग त्या वळल्या आणि परत चित्रांकडे गेल्या. मला त्या क्षणी स्वतःची लाज वाटली. त्या बाई मर्यादा पाळत होत्या, आणि मी त्याच मर्यादेच्या आडोशाला, लघवी दाबून, चोरी राखत उभा होतो. आमच्या बापजाद्यांनी ही रीत घातली ती सासूला मान मिळावा म्हणून. जावयाला लपायला जागा मिळावी म्हणून नव्हे. मी भिंतीवरून पाठ सोडवली आणि तडक मुतारीकडे गेलो. तिथे मी गरजेपेक्षा जास्त वेळ उभा राहिलो. भिंतीवर हात कसे धुवायचे याची पाटी होती. मी हात धुतले. नीट धुतले.

बाहेर आलो तर त्या निळ्या चपला पाटीसमोर होत्या. मी लगेच भिंतीकडे तोंड केलं आणि कडेकडेने सरकत माझ्या त्या एकट्या खुर्चीवर जाऊन बसलो. मागून फिलिपाचा आवाज येत होता. "आजी, काय झालं? बाबांबद्दल काही चुकीचं लिहिलंय का?" सासूबाईंना मला ऐकवायचं होतं, आणि इथे कुत्रं नव्हतं. मग त्यांनी, मर्लीनने नंतर सांगितलं ते, भिंतीवरचं आग विझवायचं लाल नळकांडं निवडलं.

"ए लाल्या," सासूबाई नळकांड्याला म्हणाल्या, "या माणसाला सांग, पाटी मी वाचली. हेच पुस्तिकेत छापलं तेव्हा मर्लीनने मला वाचून दाखवलं होतं. नवीन काही नाही."

बावीस वर्षं! मी खुर्चीची कड घट्ट धरली. म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं, आणि खेकडे येतच राहिले होते. दर मोसमाला, मोठे, भरलेले.

"आणि हेही सांग," सासूबाई म्हणाल्या, "की माझं नाव नाही घातलं ते बरंच केलं. मी त्या दिवशी झाडाला वरून कुठे कापायचं ते कुत्र्याला सांगितलं होतं. याने हातभर खाली कापलं. मी दाखवलेलं झाड वेगळं होतं. हे लांडं आहे. आता डोळ्यांनीही दिसतंय."

खोलीत कोणीतरी हसलं. मर्लीन होती. मग मर्लीन थांबेचना, आणि तिच्याबरोबर चारपाच बालांडा काही न कळता हसायला लागले. मला राग यायला हवा होता. आला नाही. कारण ते खरं होतं. मी त्या दिवशी सासूबाईंचं बोलणं ऐकलं होतं, कुत्र्याच्याही आधी, आणि मुद्दाम हातभर खाली कुऱ्हाड घातली होती, झाड त्यांचं तर माप तरी माझं असू दे म्हणून. आणि वाजवताना मला दर वेळी, घुमाराच्या तळाशी, काहीतरी थोडंसं कमी पडतंय असं वाटायचं. पायापर्यंत यायचं ते जमिनीत शिरायचं नाही. लोक वाहवा करायचे, आणि मला वाटायला लागलेलं ते मी वाहवेखाली दडपून टाकायचो. जगात ते आणखी एका माणसाला ऐकू येत होतं, आणि ते माणूस माझ्याकडे पाठ करून खेकडे पाठवत होतं.

मी उठलो. भिंतीकडेच तोंड. "फिलिपा," मी म्हणालो, "पोरी, पाटी बदल. नाव मर्लीनला विचार. मी तिला सांगतोय, सगळ्यांदेखत सांगतोय: मर्लीन, तू घे ते नाव. झाड ज्यांनी ऐकलं त्यांचं नाव वर. खाली लिही, कापलं रॉड्रिकने. चुकीचं कापलं असंही लिही."

"चुकीचं नको," मागून मर्लीन म्हणाली. "नुसतं कापलं पुरे. ज्याला कान आहेत त्याला कळेल." मग तिने फिलिपाला नाव सांगितलं, एकेक अक्षर. मी कानांवर हात ठेवले, रीतीप्रमाणे. फिलिपाने ते एका कोऱ्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून जुन्या पाटीवर चिकटवलं. जवळ जाऊन मी ते बघू शकत नाही. कधीच बघणार नाही. पण खोलीतले लोक एकेक करून तिकडे गेले आणि त्यांनी ते नाव मनात वाचलं, आणि मग प्रत्येक जण वळून सासूबाईंकडे बघायला लागला. एका बाईने त्यांच्याबरोबर फोटो मागितला. सासूबाई फिलिपाला म्हणाल्या, "हिला सांग, कानाचा काढायचा नाही."

चार वाजता मी वाजवलं. मोजे घातले नाहीत. मी भिंतीकडे तोंड करून बसलो, यिदाकीचं तोंड फरशीवर टेकवलं आणि जीभ सोडली. घुमार आला, पोटातून, मांड्यांतून, खाली, आणि हातभर आधी थांबला. मी तो लपवला नाही. वरची हाक देऊन तो झाकता आला असता, मी तसंच करायचो. आज मी हाक दिलीच नाही. जिथे कमी पडत होतं तिथे कमी पडू दिलं, पुन्हा पुन्हा, सगळ्यांना ऐकू येईल असं. मला वाटलं, लोक निराश होतील. मला काय माहीत झाले की नाही. टाळ्या तशाच वाजल्या. मी माझ्या पाठीने फक्त एका माणसाकडे लक्ष दिलं होतं, आणि तिकडून काहीच आलं नाही. खोकलासुद्धा नाही.

लोक पांगले तेव्हा सासूबाई मर्लीनशी बोलत होत्या, पण आवाज माझ्यापर्यंत पोचेल एवढा मोठा. "गुरुवारच्या विमानाने घरी गेलो की रानात जाऊ," त्या म्हणाल्या. त्या झाडानंतर त्या माझ्याबरोबर रानात एकदाही आल्या नव्हत्या. गुडघे दुखतात, असं मर्लीन सांगायची. "ओढ्यापलीकडे एक उभं आहे. मी कोणाला दाखवलं नाही. कुऱ्हाड तू घे, मर्लीन. याला म्हणावं, पाण्याचा डबा उचलायचा आणि मी सांगितल्याशिवाय काही तोडायचं नाही. येतोय का विचार."

मर्लीन मला विचारायला आली. तिने विचारायच्या आधीच मी भिंतीला सांगितलं, "हो, येतोय म्हणावं."